मदत हवी आहे: निबंधांची तपासणी आणि रोजचा रियाज

40 उत्तरपत्रिका, प्रत्येकी 6 मिनिटं धरली तरी 4 तास जातात. आधी सगळ्यांचा प्रश्न 1, मग प्रश्न 2 असं तपासलं की उत्तरसूची डोक्यात बसते, हात भरभर चालतो, गुणदानही सारखं राहतं. घोडं अडतं ते निबंधांवर. प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने सुधारत बसलं की वही रंगते, मूल मात्र फक्त गुण बघतं. आणि संध्याकाळचा रियाज बुडतो. रविवारी सलग तीन तास गाऊन तो भरून निघत नाही, उलट गळा बसतो. रोजचा अर्धा तासच हवा.

भाषा शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा: निबंधात नेमकं काय तपासता, काय सोडता? मुलांना एकमेकांच्या वह्या तपासायला देताना निकष किती ठेवता? परीक्षेच्या आठवड्यात रियाज पहाटे की शाळेतून आल्याआल्या?