मदत हवी आहे: बी-२० टाकल्यापासून पहाटे पिकअप बंद पडते (वाई–भिलार)

वाईकर_पिकअप
गाडी २०१८ ची पिकअप, बीएस-४, कॉमन रेल (खूप जास्त दाबाने इंधन देणारी यंत्रणा), टाकी ६० लिटरची. दिवाळीच्या सुमारास साताऱ्याहून बी-१००, म्हणजे निव्वळ बायोडिझेलचं बॅरल आणलं आणि २० टक्के मिसळायला लागलो. म्हणजे १२ लिटर बायोडिझेल, बाकी पंपाचं डिझेल. थोड्याच दिवसांत पसरणी घाटात चढाला ओढ कमी झाली. फिल्टर बदलला, गाडी सुधारली.

आता थंडीत वेगळाच त्रास आहे. रात्री गाडी भिलारला मुक्कामी असते, पहाटे स्ट्रॉबेरी भरून निघायचं असतं. पहिल्या सेल्फला चालू होते, दोन-तीन मिनिटं नीट चालते, मग आरपीएम पडतात आणि बंद. ऊन चढलं की काहीच झालं नसल्यासारखी चालते. मेकॅनिक म्हणतो बायोडिझेल भेसळीचं आहे, विकणारा म्हणतो फिल्टर हलक्या प्रतीचा आहे. नेमकं काय समजायचं? इंजेक्टरला धोका आहे का? आणि अर्धं बॅरल शिल्लक आहे, त्याचं काय करू?

कराड_पंप_कॅलिब्रेशन
दादा, तुमच्या गाडीला एकामागून एक दोन वेगवेगळे आजार झालेत. दोन्हींत फिल्टरच तुंबतो म्हणून ते एकच वाटतात.

पहिला आजार टाकीतल्या जुन्या घाणीचा. बायोडिझेल चांगलं सॉल्व्हंट आहे. वर्षानुवर्षं डिझेलने टाकीच्या तळाला आणि पाइपांत जो काळा थर धरलेला असतो तो ते सोडवतं, आणि सुटलेलं सगळं फिल्टरवर येऊन बसतं. यात बायोडिझेलचा दोष नाही. पण सुरुवात करताना टाकी ड्रेन प्लगमधून रिकामी करून धुवायला हवी, टाकीतली जाळी साफ करायला हवी. मग आधी पाच टक्के, नंतर दहा असं दोन-तीन टाक्या चालवायचं आणि त्या काळात एक जास्तीचा फिल्टर व पाना केबिनमध्ये ठेवायचा.

दुसरा आजार थंडीचा. आपल्याकडच्या बायोडिझेलचा बराचसा कच्चा माल पामतेल किंवा तळणाचं उरलेलं तेल असतो, आणि तळणाच्या तेलातही पामोलिन भरपूर. पामतेलाचं निव्वळ बायोडिझेल १३ ते १६ अंशांच्या आसपासच गढूळ व्हायला लागतं. २० टक्के मिश्रणात हे तापमान बरंच खाली येतं, पण भिलार-पाचगणीची पहाट डिसेंबर-जानेवारीत १० च्या खालीही जाते, वेण्णा तलावाकाठी तर कधी कधी दव गोठतं. वाईत जे मिश्रण बिनतक्रार चालतं ते वर रात्रभर उभं राहिलं की त्यात मेणाचे कण धरतात. फिल्टरमध्ये शिल्लक असलेल्या पातळ इंधनावर इंजिन दोन मिनिटं चालतं, मग टाकीतलं थंड इंधन येतं, मेण कागदावर बसतं आणि पुरवठा तुटतो. ऊन लागलं की मेण विरघळतं. तुमची लक्षणं तंतोतंत हीच आहेत.

खात्री करायची असेल तर गाडी बंद पडल्या पडल्या, तिथेच फिल्टर काढा. खाली वाईला येईपर्यंत मेण विरघळून जातं आणि फिल्टर निर्दोष दिसतो. हॅक्सॉ ब्लेडने कडेने कापा, कागदाच्या घड्या उलगडा. पांढरट-पिवळसर, तुपासारखा लेप असेल आणि बोटाच्या उबेने तो विरघळला तर मेण. काळा, बोटाला चिकटणारा, वाळूसारखा कच लागणारा गाळ असेल तर टाकीची घाण. लेप पांढरा असून कोमट करूनही विरघळत नसेल, तर मात्र बायोडिझेल अर्धवट प्रक्रियेचं असल्याचा संशय घ्या. त्यात मोनोग्लिसराइड, म्हणजे तेलाचे अर्धवट तुटलेले अंश, उरलेले असतात. ते एकदा खाली बसले की मेणापेक्षा कितीतरी जास्त उष्णतेला विरघळतात.

इंजेक्टरबद्दल: फिल्टर तुंबून बंद पडल्याने इंजेक्टर जात नाहीत. ते जातात पाण्याने आणि कचऱ्याने, म्हणून तुंबलेला फिल्टर काढून गाडी थेट जोडून चालवायची नाही. नवीन फिल्टर बसवल्यावर एअर हातपंपाने काढा. कॉमन रेलला चालू इंजिनवर इंजेक्टरचा पाइप ढिला करायचा नाही. दाब हजार बारच्या वर असतो, इंधनाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते.

टाकीखाली जाळ करणं, रॉकेल ओतणं हे घाटातले उपाय कुणी सांगितले तरी करू नका. रॉकेलमध्ये वंगण नसतं आणि कॉमन रेलचा पंप इंधनाच्याच वंगणावर जगतो. फिल्टरच्या भांड्यावर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, सेन्सरची वायर सांभाळा. पण खरा उपाय प्रमाण कमी करणं हाच.

मिरज_तेल_तपासणी
वरचं निदान पटतं. भेसळीचा संशय मात्र तसाच सोडू नका, कारण बायोडिझेल म्हणून बेस ऑइल (वंगण तेलाचा कच्चा माल) किंवा सॉल्व्हंट विकण्याचे प्रकार महाराष्ट्रात पकडले गेले आहेत.

आधी कागद. बिलावर बी-१०० लिहिलेलं हवं आणि आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे त्या लॉटचा चाचणी अहवाल मिळायला हवा. केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिझेलमध्ये मिसळण्यासाठी बी-१०० ची किरकोळ विक्री करायला नोंदणी लागते. ती दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तिथून घेऊच नका.

मग घनता मोजायचा हायड्रोमीटर. बायोडिझेलची घनता १५ अंशांना ०.८६ ते ०.९० असते, बीएस-६ डिझेलची साधारण ०.८१ ते ०.८४५. दुपारी ३० अंशांना मोजलंत तर वाचन सुमारे ०.०१ ने कमी येईल, तेवढं धरा. ०.८४ च्या खाली दिसलं तर ते बी-१०० नाही.

तिसरी हलवण्याची चाचणी. पारदर्शक बाटलीत निम्मं बायोडिझेल, निम्मं स्वच्छ पाणी घ्या, दहा सेकंद जोरात हलवा आणि ठेवून द्या. चांगल्या मालात अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर होतात, मध्ये फार तर पातळ रेघ. दह्यासारखा जाड थर राहिला तर साबण किंवा अर्धवट प्रक्रिया झालेलं तेल आहे. सॉल्व्हंट या चाचणीत पास होतं, म्हणून हायड्रोमीटर सोडायचा नाही. पेटवून पाहण्याच्या भानगडीत कुणी पडू नये.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. पंपाच्या डिझेलमध्येच नियमाने ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकतं. तुमच्या ४८ लिटरमध्ये तेवढं असेल तर आणखी ३.४ लिटर धरा. मग बी-२० समजून तुम्ही बी-२५ च्या वर चालवत असता.

तासगाव_ट्रॅक्टर
मध्येच विचारतो. जुना ट्रॅक्टर आहे, इनलाइन पंपाचा. वडा-भज्यांचं उरलेलं तेल कापडातून गाळून दहा टक्के टाकलं तर चालेल का? काही जण टाकतात.

कराड_पंप_कॅलिब्रेशन
नाही भाऊ. गाळलेलं तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. ४० अंशांना तेलाची चिकटाई डिझेलच्या दहापट असते, म्हणून फवारा नीट फुटत नाही, नॉझलच्या टोकाला कोळसा धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळालेलं तेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरून इंजिन ऑइलचा चिखल करतं. पहिले काही महिने ट्रॅक्टर तक्रार करत नाही, म्हणूनच लोक फसतात. मिथेनॉलची प्रक्रिया करून, ग्लिसरीन काढून, धुऊन-वाळवून मगच त्याचं बायोडिझेल होतं. ते घरी करू नका, मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची वाफ पटकन पेट घेते. तेल संकलकाला द्या, त्यासाठी एफएसएसएआयची (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) रुको ही वापरलेलं तेल गोळा करण्याची योजना आहे.

खरं बायोडिझेल इनलाइन पंपाला सोसतं, कारण त्या पंपाचा कॅमशाफ्ट इंजिन ऑइलवर चालतो. तरी आधी रबरी पाइप बघा. साधं नायट्राइल रबर फुगतं, मऊ पडतं. रिटर्नचा पाइप सगळ्यात आधी ओलसर दिसतो. तिथे वायटन या बायोडिझेल सोसणाऱ्या रबराचा घाला.

वाईकर_पिकअप
आज पहाटे बंद पडल्यावर लगेच फिल्टर काढून कापला. घड्यांवर पिवळसर लेप होता, बोटाने चोळल्यावर तेल झाला. काळं अगदी थोडं, तळाशी. हायड्रोमीटर ०.८७, बाटलीत अर्ध्या तासात थर स्वच्छ. म्हणजे माल बरा आहे ना? बॅरल जस्ताचा मुलामा असलेलं आहे, चालेल?

मिरज_तेल_तपासणी
या चाचण्यांपुरता माल चांगला आहे, जागा आणि ऋतू चुकला. बॅरल मात्र आजच बदला. जस्त, तांबं, पितळ यांच्या संगतीने बायोडिझेल लवकर आंबतं आणि जस्ताचा साबण फिल्टरवर येतो. एचडीपीई प्लास्टिकच्या किंवा साध्या लोखंडी, आतून स्वच्छ पिंपात काठोकाठ भरा, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतून पाणी धरतं. सावलीत ठेवा आणि उत्पादनाच्या तारखेपासून सहा महिन्यांत संपवा. उपसताना तळाचे चार बोटं सोडा.

कराड_पंप_कॅलिब्रेशन
आता टाकीत जे मिश्रण आहे ते वाईतच संपवा, वर नेऊ नका. फेब्रुवारी संपेपर्यंत भिलारला मुक्काम असेल त्या टाकीत बायोडिझेल शून्य, दिवसाच्या फेरीला फार तर ३ लिटर. मार्चपासून हळूहळू वाढवा. मिसळताना आधी डिझेल, वरून बायोडिझेल. ते जड असल्याने खाली उतरत मिसळतं. पण दोन्ही कोमट असताना, पहाटे नाही. नवा फिल्टर बसवलात की खालच्या स्क्रूने दर आठवड्याला पाणी काढा, आणि ऑइलच्या काडीवर पातळी वाढलेली दिसली तर वाट न बघता ऑइल बदला.