वळिवडे कॅम्पातल्या पोलिश आजीच्या वडिलांचा शोध कुठे घ्यावा?

पंचगंगाकाठ:
माझ्या आईची आई पोलिश. वळिवड्याच्या कॅम्पात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या वसाहतीत वाढली (आत्ताचं गांधीनगर, कापड घ्यायला सगळे जातात ते). 1948 ला कॅम्प उठला, बाकीचे परदेशी गेले, ही आजोबांशी लग्न करून कोल्हापुरातच राहिली.
पणजोबा तार्नोपोलकडे (तेव्हा पोलंडात, आता युक्रेनमध्ये) पोलीस होते. सप्टेंबर 1939 ला रशियन फौज आली, त्यानंतर ते घरी आले नाहीत. एप्रिल 1940 मध्ये आजीला आणि पणजीला रात्रीत उठवून मालगाडीत घातलं, कझाकस्तानला नेलं. पणजी तिकडंच वारली. आजी यावर बोलायची नाही. भाकरी थापताना कधी एखादं वाक्य, तेवढंच. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात मागच्या पानावर तिच्या अक्षरात 'ओस्ताश्कोव' लिहिलंय. हे तिचं गाव नव्हे. काय असेल? आमच्यात पोलिश कुणालाच येत नाही.

जुने_दफ्तर:
ताई, हे वाचून तयारी ठेवा. ओस्ताश्कोव रशियात, सेलिगर सरोवराशी. तिथल्या बेटावरच्या मठात पोलिश पोलीस आणि सीमारक्षक कैदेत होते. त्यांना घरी पत्र लिहिता यायचं, आजीला नाव तिथूनच कळलं असणार. 5 मार्च 1940 ला स्टालिन आणि पॉलिटब्युरोने (सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं सर्वोच्च मंडळ) कैद्यांना मारायचा निर्णय घेतला. या छावणीतल्या 6,300 हून अधिक जणांना कालीनिनमध्ये (आताचं त्वेर) गोळ्या घालून मेद्नोयेजवळ पुरलं. 13 एप्रिलला ज्यांना हद्दपार केलं, त्यांत अशाच कैद्यांच्या बायकामुलांचा मोठा भरणा होता. म्हणजे आजीचा एप्रिल महिनाही तिकडेच बोट दाखवतो.
छावण्यांच्या याद्या 1990 मध्ये गोर्बाचोव्हनी पोलंडला दिल्या. पोलंडच्या आयपीएन या राष्ट्रीय स्मृती संस्थेचा 'इंडेक्स रेप्रेसियोनोवानिख' (सोव्हिएत दडपशाहीत सापडलेल्यांची नावनिशी) ऑनलाइन बघा. आडनाव, जन्मसाल आणि वडिलांचं नाव हवं. रशियन कागदांत आपल्यासारखंच बापाचं नाव लावतात, एकाच नावाचे दोघे निघाले तर त्यावरूनच ओळख पटते.

मिरजकर:
एका शब्दावर निकाल नको. घरून अटक झाली असेल तर माणूस तार्नोपोलच्या तुरुंगात जायचा, आणि तिथून मारलेल्यांची नावं वेगळ्या 'युक्रेनियन यादी'त आहेत. 3,435 जण, ही यादी 1994 ला युक्रेनकडून पोलंडला मिळाली. दोन्ही चाळा. वॉर्सॉच्या पोलिश रेडक्रॉसकडेही अर्ज करा. जर्मनीतल्या आरोल्सन अभिलेखागाराचं नाव कुणीतरी सुचवेलच, पण ते मुख्यतः नाझींच्या बळींसाठी आहे.

पंचगंगाकाठ:
आईच्या ट्रंकेत आजीच्या लग्नाचा कागद मिळाला. बापाचं नाव आहे, पण कारकुनाने कानाला लागलं तसं देवनागरीत लिहिलंय. आजीचं माहेरचं आडनाव '-स्का'ने संपतं. तेच टाकून बघितलं, काहीच येईना.

जुने_दफ्तर:
'-स्का' बायकांचं. पुरुषाचं '-स्की' होतं, तसं शोधा. आणि तो कागद नाव झाकून इथे टाका. माहेरच्या गावाचं नाव कसं लिहिलंय ते बघू.