फाशांचे युद्धखेळ: हरलो ते दानामुळे की खेळामुळे, कसं ओळखायचं?

पायदळप्रेमी (प्रश्न)

मेमॉयर ४४ (दुसऱ्या महायुद्धावरचा फासे-पत्त्यांचा पटखेळ) खेळणारे दोघे तोडीस तोड असले तरी एक जण सलग हरतो आणि दर वेळी 'दानच पडलं नाही' म्हणतो. हे खरं की बहाणा, हे तपासायची ठोस पद्धत आहे का? 'शेवटी नशीब सगळ्यांना सारखंच' हे उत्तर नको. एका डावात मोजकेच फासे पडतात, तेवढ्यात कुठलं सारखं होणार?

दुसरं असं की लो लक (फाशांचा चढउतार कमी करणारा नियम) लावणं किंवा फाशांऐवजी पत्त्यांची गड्डी वापरणं, असे घरचे नियम घेतल्यावर खेळ सुधारतो की बिघडतो? रिस्क, ॲक्सिस अँड अलाईज, वॉरहॅमर, जुने षटकोनी नकाशांचे खेळ, कशातलंही उदाहरण द्या, पण आकड्यांसकट द्या.

---

षटकोन

कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक हल्ल्याचे तीन रकाने भरा: किती फासे टाकले, एका फाशाला हिट लागायची शक्यता किती, प्रत्यक्षात किती लागले. मेमॉयरच्या फाशावर दोन बाजू पायदळाच्या, बाकी एकेक रणगाडा, हातबॉम्ब, तारा आणि झेंडा. म्हणजे पायदळावर टाकताना फाशामागे ३/६, रणगाड्यांवर २/६, आणि तोफखान्यावर फक्त हातबॉम्ब चालतो म्हणून १/६. डाव संपला की अपेक्षित हिट आणि पडलेले हिट यांची वेगवेगळी बेरीज करा.

समजा पायदळावर एकूण ६० फासे पडले. सरासरी ३० हिट, प्रमाण विचलन (आकडा सरासरीपासून सहसा किती हलतो ते) साधारण ३.९. आकडा २६ ते ३४ च्या दरम्यान असेल तर तक्रारीला जागाच नाही. २२ किंवा त्याखाली गेला तर दान खरंच रुसलं होतं, हे मान्य करावं.

पण माझ्या मते या कागदावरचा पहिला रकाना सगळ्यात बोलका. एकाने ७० फासे टाकले आणि दुसऱ्याने ४८, तर मधले २२ फासे आकाशातून पडलेले नसतात. हातात आलेल्या कमांड कार्डांचा (कुठल्या बाजूच्या किती तुकड्यांना हुकूम देता येईल हे ठरवणारे पत्ते) त्यात वाटा असतो हे खरं, पण बराचसा भाग चालींचा असतो. गावात बसलेल्या पायदळावर रणगाडे घातले की तीनातले दोन फासे तिथेच गेले. पायदळ दोन घरं पुढे सरकवलं की त्या पाळीत त्याला लढताच येत नाही. अशा पाच-सहा चाली झाल्या की हरणाऱ्याला वाटतं फासे वाईट पडले. प्रत्यक्षात ते हातात कमीच आलेले असतात.

हल्ल्याच्या क्रमाचंही असंच. मोकळ्यावर शत्रूचं पायदळ आहे, त्याला लागून तुमचं पायदळ आणि रणगाडे दोन्ही उभे आहेत. आधी पायदळाने मारा. झेंडा पडून शत्रू एक घर मागे गेला तर पायदळाचे तीनाचे दोन फासे होतात, रणगाड्यांचे मात्र तीन घरांपर्यंत तीनच राहतात. उलटा क्रम घेतला तर रणगाड्यांच्याच झेंड्यामुळे पायदळाचा एक फासा जातो.

याच्या पुढची पायरी म्हणजे माघारीची वाट बंद करणं. शत्रूच्या मागची दोन्ही घरं अडवलेली असतील (त्याच्याच तुकड्यांनी अडली असली तरी चालतं), तर झेंडा पडल्यावर मागे जायला जागा नसते आणि एक सोंगटी पडते. म्हणजे पायदळावर फाशामागे ३/६ चे ४/६ झाले आणि तीन फाशांची सरासरी दीडवरून दोनवर गेली. एकही जास्तीचा फासा न घेता मिळालेला हा फायदा आहे.

आणखी एक गोष्ट फार लोक विसरतात. या खेळात एकच सोंगटी उरलेली तुकडीही पूर्ण फाशांनी लढते. त्यामुळे चार-चार सोंगट्यांच्या तीन तुकड्यांना एकेक हिट लावून शत्रूचा मारा जराही कमी होत नाही आणि मेडलही (अख्खी तुकडी संपवल्यावर मिळणारा गुण) मिळत नाही. तेच तीन हिट एका तुकडीवर लागले तर उरलेली एकटी सोंगटी मोकळ्यावर तीन फाशांपुढे ८७.५% वेळा पडते. जंगलात दोन फाशांपुढे ७५%. म्हणून स्वतःची जखमी तुकडी मागे घेणं हे भित्रेपणाचं लक्षण नाही, सरळ मेडल वाचवणं आहे.

---

तीन_विरुद्ध_दोन

रिस्कमध्ये हे आणखी उघडं दिसतं, कारण तिथले आकडे पाठच करता येतात. हल्लेखोराचे तीन आणि बचावाचे दोन फासे असताना हल्लेखोर दोन्ही जिंकतो ३७.२%, एकेक जातो ३३.६%, दोन्ही हरतो २९.३%. बरोबरी बचावाच्या पारड्यात जाते, तरी तिसऱ्या फाशामुळे हल्लेखोर किंचित वरचढ: प्रत्येक फेकीत त्याचं सरासरी ०.९२ सैन्य जातं आणि बचावाचं १.०८.

खरी मेख थांबण्यात आहे. प्रदेशात तीनच सैन्यं उरली की दोनच फासे टाकता येतात, आणि दोनाविरुद्ध दोनमध्ये बचाव ४४.८% वेळा दोन्ही जिंकतो. तिथे तुमचं सरासरी १.२२ जातं, त्याचं ०.७८. म्हणजे चार सैन्यांपर्यंत गणित तुमच्या बाजूने आणि तिथून एक पाऊल खाली गेलं की तुमच्याविरुद्ध. 'एवढं मारलंच आहे तर एक शेवटची फेक' ही फेक बहुतेक वेळा अशी तोट्यातच टाकली जाते. अपवाद एकच. समोर शेवटचं एक सैन्य उरलंय आणि तो प्रदेश घेतला तर या पाळीचं कार्ड हाती येतंय. दोनाविरुद्ध एकला ५७.९% आहेत, तेव्हा जरूर टाका.

कोणी किती वेळा तीन फाशांवर हल्ला थांबवला आणि किती वेळा दोनावर ओढला, एवढं मोजलं तरी दोघांतला सरस खेळाडू ओळखता येईल.

---

घंटावक्र

वरच्या दोघांनी एकेका फेकीचं सांगितलं. डाव बहुधा साखळीत हरतात.

तीन फेका लागोपाठ जमल्या तरच पार पडेल असा बेत असेल आणि प्रत्येकीची शक्यता ८०% असेल, तर सगळा बेत जमायची शक्यता ५१.२%. ८०% ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि नाणेफेकीवर अख्खी आघाडी लावतो. त्यावर उपाय असा की जिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे ती फेक, नियमात बसत असेल तर, आधी टाकायची. बाकीच्या तुकड्यांना तोवर हात लावायचा नाही. ती हुकली तर त्या तुकड्या दुसऱ्या कामाला मोकळ्या राहतात.

वॉरहॅमर ४०,००० मध्ये ही साखळी नियमातच आहे. दहा गोळ्या, ३+ ला (म्हणजे फाशावर तीन किंवा जास्त) लागणार, ४+ ला जखम, समोरच्याचा बचाव ३+. ओंजळभर फासे बघून मोठा मारा वाटतो, पण हिशेब १० × २/३ × १/२ × १/३, म्हणजे १.११ जखमा. एकही न लागायची शक्यता जवळजवळ ३१%. अशा माऱ्यावर मोक्याचं ठाणं घ्यायचा बेत आखला आणि तो फसला, तर चूक आखणीची.

दोन फाशांच्या बेरजेवर चालणाऱ्या खेळांत वेगळी सूक्ष्मता आहे. ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडरमध्ये मोराल (मनोधैर्य) ७ ची तुकडी साधी मोराल चाचणी, म्हणजे बेरीज ७ किंवा कमी, ५८.३% वेळा पार करते. त्याच घरात -१ चा (बेरजेतून एक वजा करणारा) अधिकारी ठेवला की ७२.२%. मध्यावर एका आकड्याचं वजन इतकं. तोच एक आकडा टोकाला, ४ किंवा कमीचं ३ किंवा कमी झालं, तर १६.७ वरून ८.३, म्हणजे फरक आठच टक्क्यांचा, पण शक्यता थेट निम्मी. एका फाशाच्या खेळात मात्र +१ ची किंमत कुठेही १६.७%. म्हणून आधी बघायचं की आपली फेक बेरजांच्या घंटेसारख्या आलेखाच्या मध्यावर आहे की टोकाला, आणि मग ठरवायचं की चांगला अधिकारी कुठल्या तुकडीपाशी जाणार.

बलाबलाच्या तक्त्याचे (दोन्ही बाजूंच्या ताकदीचं गुणोत्तर काढून त्या रकान्यात निकाल बघायचा असे) जुने खेळ तर निव्वळ मोजणीचेच. अपूर्णांक बचावाच्या बाजूने सोडायचा असतो, त्यामुळे ११ विरुद्ध ४ म्हणजे २:१ च, आणि १२ विरुद्ध ४ म्हणजे ३:१. एक गुण कमी पडला की तक्त्याचा अख्खा रकाना गेला. दान पडायच्या आधीच हा निकाल लागलेला असतो.

---

पायदळप्रेमी

मोजणीचं पटलं, पुढच्या डावाला तीन रकाने ठेवतो. आता घरच्या नियमांवर कोणी बोलेल का? लो लक लावला की वाद मिटतील असं काहींचं ठाम मत आहे.

---

राखीव_फळी

वाद मिटतात, पण सोबत खेळाचाही एक भाग जातो. ॲक्सिस अँड अलाईजमधला लो लक असा: हल्ल्यातल्या सगळ्या तुकड्यांच्या ताकदीची (फाशावर तेवढा किंवा कमी आकडा आला की हिट) बेरीज करा, सहाने भागा, भागाकार एवढे हिट हमखास, बाकी उरेल तिच्यासाठी एकच फासा. सहा पायदळ, प्रत्येकी १, म्हणजे एक हिट पक्का. खऱ्या फाशांवर याच सहा जणांकडून एकही हिट न लागायची शक्यता ३३.५% असते. ती इथे शून्य झाली.

मोठ्या लढाईत फारसं बिघडत नाही, कारण तिथे फासे मुळातच सरासरीजवळ येतात. बिघडतं ते छोट्या चकमकींत. एकट्या पायदळावर एक लढाऊ विमान (३) आणि एक रणगाडा (३) पाठवले की बेरीज सहा, पहिल्याच फेरीत मरण निश्चित. खऱ्या फाशांवर तेच ७५%. उरलेल्या २५% च्या भीतीने माणूस एक पायदळ जास्तीचं पाठवतो किंवा मागे राखीव फौज ठेवतो. लो लकमध्ये ती गरजच उरत नाही. प्रत्येक हल्ला सहाच्या पटीत बेतून पाठवायचा, सुरुवातीच्या चाली ठरून गेल्यासारख्या होतात, आणि हिशेबात पक्का असलेला खेळाडू धोका पेलण्यात पक्का असलेल्याला मागे टाकतो. दोन्ही कौशल्यंच आहेत, पण मला तरी युद्धखेळात दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

हा वाद आजचाही नाही. प्रशियात राइसविट्झ या अधिकाऱ्याच्या १८२४ च्या क्रीगश्पीलमध्ये (लष्करी सरावाच्या युद्धखेळात) गोळीबाराचा परिणाम फाशांनी ठरायचा. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या प्रशियाच्याच अधिकाऱ्याने मुक्त क्रीगश्पील मांडला, त्यात फासे आणि तक्ते काढून निर्णय अनुभवी पंचावर सोपवला. फाशाबद्दलची कुरकुर गेली खरी, पण सगळी भिस्त आता पंचाच्या समजुतीवर आली.

पत्त्यांच्या गड्डीचं म्हणाल तर एका फाशासाठी ३६ पानं करा, प्रत्येक आकड्याची सहा. दोन फाशांच्या बेरजेसाठीही ३६ च लागतात: २ आणि १२ चं एकेक पान, ३ आणि ११ ची दोन-दोन, असं वाढत जाऊन ७ ची सहा. तीन पथ्यं पाळा. दोघांच्या गड्ड्या वेगळ्या ठेवा, नाहीतर एकाचं वाईट पान दुसऱ्याच्या पथ्यावर पडतं. तळाची दहा पानं उघडायचीच नाहीत, तिथे पोचलं की सगळी पुन्हा पिसा. आणि उघडलेली पानं पालथी ठेवा. हे केलं नाही तर 'आता माझी चांगली पानं उरलीत' हे ओळखून लोक हल्ल्याची वेळ ठरवतात, आणि रणांगणाऐवजी गड्डी खेळली जाते.

---

सहाची_बाजू

फाशांवरच संशय असेल तर एक साधी चाचणी. एकच फासा ३०० वेळा टाका. प्रत्येक बाजू सरासरी ५० वेळा येईल, पण ३७ ते ६३ पर्यंतचा चढउतार नेहमीचाच समजा. ५८ सहा आले म्हणून फासा फेकून देऊ नका. नीट बघायचं तर प्रत्येक बाजूसाठी (आलेला आकडा वजा ५०) चा वर्ग भागिले ५०, आणि सहाही बाजूंची बेरीज. ती ११.०७ च्या वर गेली तर पुन्हा ३०० टाका. दोन्ही खेपेला वर गेली आणि जास्त आलेली बाजूही तीच असेल, तर फासा बाद.

एवढा खटाटोप नको असेल तर दोघांनी तेच फासे वापरा, कडा असलेल्या तबकात टाका, आणि तिरका पडला किंवा तबकाबाहेर गेला तर पुन्हा टाकायचा हे आधीच ठरवून घ्या. जास्तीत जास्त भांडणं या शेवटच्या मुद्द्यावर होतात.

---

षटकोन

मूळ प्रश्नात एक गोष्ट राहिली: सलग हरण्याचं काय? समजा एक खेळाडू खरोखर सरस आहे आणि दर डाव ६०% वेळा जिंकतो. तीनपैकी दोनच्या मालिकेत तो ६४.८% जिंकेल, पाचपैकी तीनमध्ये ६८.३%, नऊपैकी पाचमध्येही ७३.३% च. म्हणजे चार-पाच डावांवरून कोण सरस हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पहिल्या रकान्याचं म्हणूनच एवढं लावून धरलं: एका डावात जिंकणं-हरणं ही नोंद एकच, फाशांच्या नोंदी मात्र शंभरावर.

मेमॉयरमध्ये प्रसंग मुळातच असमतोल असतात, तेव्हा बाजू बदलून तोच प्रसंग दोनदा खेळा आणि दोन्ही डावांची मेडल एकत्र करा. नियमपुस्तिकाही हेच सुचवते. दोन्ही डावांचे कागद शेजारी ठेवून त्याच बाजूने खेळताना कोणाचे किती फासे झाले ते बघा. एकाला डाव्या बाजूची कार्डंच आली नाहीत असं वाटत असेल तर चौथा रकाना वाढवा: या पाळीत किती तुकड्यांना हुकूम देता आला. तिथे मोठी तफावत निघाली तर तक्रार खरी आहे, फक्त ती फाशांबद्दलची नाही, पत्त्यांबद्दलची आहे.