टेनिसला पहिला नंबर? नाही पटलं

व्हर्च्युअल बॉय म्हणजे निन्टेन्डोचं, डोळे लावून आत बघायचं थ्रीडी व्हिडिओ गेमचं यंत्र. त्याच्या सगळ्यात चांगल्या खेळांच्या एका यादीत 'मारिओज टेनिस' पहिला ठेवलाय, ते काही पटलं नाही बुवा. दोन जणांना खेळायची जोडकेबल निन्टेन्डोनं शेवटपर्यंत बाजारात आणलीच नाही. मग एकट्यानं टेनिस खेळून खेळून किती खेळणार? अमेरिकेत तो यंत्रासोबत मिळायचा, म्हणून सगळ्यांच्या आठवणीत आहे, एवढंच.

माझा पहिला नंबर डोळे झाकून 'वारिओ लँड'. पुढच्या थरातून उडी मारून मागच्या थरात जायचं, तिथून खजिना शोधायचा. इथं चित्राची थ्रीडी खोली खेळाचाच भाग आहे. 'मारिओ क्लॅश'मध्येही कासवाचं कवच मागच्या थरात फेकता येतं, पण तो लवकर एकसुरी होतो. दुसरा 'टेलेरोबॉक्सर'. कंट्रोलरवर दोन दिशाबटणं का दिलीत ते इथं कळतं, एकेका हाताला एकेक ठोसा. 'रेड अलार्म' तिसरा, जरी नुसत्या रेषांच्या भिंतीत आपण कुठं आहोत तेच समजत नसलं तरी. 'वॉटरवर्ल्ड' तळाला, त्यावर वाद नको.

जपान आणि अमेरिका मिळून खेळ फक्त २२. यंत्र १९९५ला आलं, १९९६ला संपलं. त्यामुळं 'टॉप २०' वगैरे काढण्यात अर्थ नाही.

सोलापुरात कुणाला खेळून बघायचं असेल तर आमच्याकडं, सात रस्त्याजवळ, मित्राचा सेट आहे. एप्रिल-मेमधे दुपारी मात्र येऊ नका. बाहेरचा उजेड अडवायला आम्ही डोक्यावरून चादर घेतो, आणि ती चादर आपल्या सोलापुरातलीच आहे.