'केसल'ला मराठीत काय म्हणाल? वेढा, कोंडी की आणखी काही?

पारिजात: दुसऱ्या महायुद्धातल्या पूर्व आघाडीवरचा एक जर्मन लेख दिवाळी अंकासाठी मराठीत आणतेय. त्यात पानोपानी 'केसल' येतो. घरात त्याचा अर्थ मोठं पातेलं. रणांगणावर, चहूबाजूंनी अडकलेलं सैन्य. मी सरसकट 'वेढा' लिहिलं. संपादकांनी लेनिनग्राडचा वेढा तसाच ठेवला आणि स्टालिनग्राडला मात्र खोडून 'कोंडी' केलं. असं का? मला पटलेलं नाही.

तटबंदी: संपादकांचं बरोबर आहे, ताई. वेढा गडाला पडतो, शहराला पडतो. आतला तिथलाच असतो, बाहेरचा येऊन बसतो. सिद्दी जौहर पन्हाळ्याखाली बसला, तो वेढा. लेनिनग्राडही तसंच, सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४. स्टालिनग्राडला जर्मनांची सहावी सेना शहर घ्यायला आली होती. १९ नोव्हेंबर १९४२ ला रशियनांनी बगलेवरच्या रुमानियन फळ्या फोडायला सुरुवात केली, २३ तारखेला कलाचजवळ दोन्ही टोकं जुळली आणि घ्यायला आलेलेच आत अडकले. गडावर निदान अंबारखाना असतो. यांच्याकडे काय होतं? जगायला विमानातून रोज किमान ३०० टन माल हवा होता, पडायचा त्याच्या निम्माही नाही. शेवटी घोडी कापून खाल्ली.

पारिजात: पण रशियन लोक लेनिनग्राडला 'ब्लोकादा' म्हणतात. म्हणजे नाकेबंदी. मग तिथलाही वेढा खोडू का?

तटबंदी: नाकेबंदी म्हटलं की रात्री गाड्या तपासणारे पोलीस डोळ्यांसमोर येतात. नको.

मुळामुठा: आणि कोंडी म्हटलं की पुण्याच्या चांदणी चौकातली वाहतूक. सरळ 'पॉकेट' लिहा हो, सगळ्यांना कळतं. फौज, रसद, मोर्चा हे तरी कुठे मराठीच्या पोटचे? फारसीतून आले आणि घरचे झाले.

शब्दवेध: ते तीनशे-चारशे वर्षं नांदले, मग घरचे झाले. पॉकेट लिहिलंत तर वाचक खिसा चाचपेल.

ऊसकरी: पातेल्यावरूनच आलाय ना शब्द? मग आपली काहील काय वाईट आहे? रशियनसुद्धा याला 'कोत्योल' म्हणतात, त्याचा अर्थही तोच. 'सहावी सेना काहिलीत सापडली.' वाचून बघा. गुऱ्हाळावर काहिलीच्या काठाशी ज्यानं रस ढवळलाय त्याला वेगळं सांगायला नको. अंगाची काहिली होते ती यावरूनच, असं आमचे आजोबा सांगायचे.

शब्दवेध: आजोबांना नमस्कार, पण व्युत्पत्ती अशी नादावर ठरत नाही. आणि केसलमध्ये मला पातेल्यापेक्षा शिकार दिसते. जर्मनीत सशांच्या शिकारीला शिकारी आणि हाकारे मोठं कडं करून आत आत सरकतात, त्याला 'केसलट्रायबन' म्हणतात. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१४ मध्ये, टॅनेनबर्गला रशियनांचं हेच झालं. रशियन सेनापती रेनेनकाम्फची पहिली सेना उत्तरेला रेंगाळली, तिकडे जर्मनांनी त्याचा जोडीदार सॅमसोनॉव्हच्या दुसऱ्या सेनेच्या दोन्ही बगला मोडून मधली माणसं जंगलांत आणि तळ्यांच्या चिंचोळ्या वाटांवर कोंडली. नव्वद हजारांच्या आसपास कैदी. सॅमसोनॉव्हनं रानातच स्वतःला गोळी घातली. याला आपल्याकडे 'हाका' म्हणतात.

ऊसकरी: 'रशियन सेना हाक्यात सापडली' असं छापलंत तर निम्मे लोक कोण कुणाला हाका मारतंय ते शोधतील. काहील बरी.

पागा: जर्मन सेनापती हुबेचं नाव अजून कुणी काढलं नाही, आश्चर्य आहे. मार्च १९४४, युक्रेनमध्ये कामेनेत्स-पोदोल्स्कीजवळ त्याची पहिली पँझर (रणगाडा) सेना अडकली, दोन लाखांच्या आसपास माणसं. ती एका जागी बसली नाही. चारी अंगांनी लढत पश्चिमेला सरकत राहिली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बुचाचला सुटली. जर्मन त्याला 'फिरतं केसल' म्हणतात. आता सांगा, वेढा फिरतो का? कोंडी फिरते? फिरतो तो गोल! पानिपतावर भाऊसाहेबांनी बुणगे आणि बायकामुलं मध्ये घेऊन गोल बांधला आणि यमुनेच्या रोखानं निघाले. शब्द घरातच आहे.

तटबंदी: गोल आपण बांधतो, केसल शत्रू करतो. मूळ फरकच पुसलात. शिवाय हुबे सुटला. आपला गोल दुपारपर्यंत तरी टिकला का?

पागा: टिकला असता. गारद्यांच्या, म्हणजे इब्राहिमखानाच्या पायदळाच्या, बंदुका चालू असताना विंचूरकर आणि गायकवाड घोडी घालून पुढे गेले, तिथे फट पडली.

मुळामुठा: झालं, आले पानिपतावर! नेहमी विंचूरकरांच्याच माथी का मारता? घोडदळाला गोलात चालायची सवय कधी लावली होती कुणी? ती इब्राहिमखानाची कल्पना, पायदळाची.

पारिजात: मंडळी, अंक उद्या छपाईला जातोय. वेढा की कोंडी, एवढंच सांगा.

ऊसकरी: काहील.

शब्दवेध: निदान एका ठिकाणी कंसात हाका लिहा.

पागा: मुळामुठा, सवयीचं म्हणाल तर उदगीरला याच गारद्यांबरोबर हेच घोडदळ लढलं होतं, आधल्याच वर्षी. तेव्हा कुणाची तक्रार नव्हती.

मुळामुठा: उदगीरला निजाम होता, अब्दाली नव्हता. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.