फोमच्या आधी दार आणि आकार बघा
रेकॉर्डिंगसाठी बूथ, म्हणजे छोटी बंद खोली, घेताना भिंतींवर फोम लावला की बाहेरचा आवाज थांबेल, असं बऱ्याचदा सुचवलं जातं. तसं होत नाही. फोम आतला घुमारा शोषतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात, म्हणून बूथ बघताना दाराचं रबर आधी तपासा. त्याहून महत्त्वाचा आकार. आतून १.२ मीटर रुंदी असेल तर साधारण १४३ हर्ट्झला आवाज फुगतो, आणि पुरुषांच्या आवाजाचा मूळ स्वर बऱ्याचदा त्याच्याच आसपास असतो! पातळ फोमचा तिथे काही उपयोग नाही, कोपऱ्यांत जाड रॉकवूल (दगडापासून केलेल्या तंतूंची गादी) हवं. जागा असेल तेवढा मोठा बूथ घ्या; लांबी-रुंदी-उंची सारखी नको. बूथमधल्या पंख्याचा आवाज मात्र माइक लावूनच ऐका.