रोज १४० किमी जाणं-येणं, बजेट टाइट, यातली कुठली गाडी घेऊ?

रोजचीवारी
नवीन जॉब लागलाय, ऑफिस एका बाजूने ७० किमी, म्हणजे जाऊन येऊन १४०, आठवड्याचे पाच दिवस. त्यातला बराचसा मोकळा हायवे आणि शेवटी शहरात शिरताना चांगलाच जाम. सध्याची गाडी म्हातारी झालीये, तिच्या जिवावर हे होणार नाही. नवीन घ्यायची ऐपत नाही त्यामुळे सेकंड हँडच बघतोय. दोन नक्की केल्यात, दोन्ही पेट्रोल सेडान, मॉडेल तेच, दोन्ही ५ वर्षं जुन्या. पहिली फक्त ३० हजार किमी चाललीये, मालक म्हणतो बाजारहाट आणि पोरांना शाळेत सोडायला वापरली. दुसरी १ लाख १० हजार, एकाच माणसाने हायवेला पळवलेली, सर्व्हिसची बिलं फाइलला लावून ठेवलीयेत आणि बरीच स्वस्त मिळतेय. घरचे सगळे पहिलीच घे म्हणून मागे लागलेत. त्यात एक मित्र म्हणतो डिझेल घे, दुसरा म्हणतो इलेक्ट्रिक, डोकं फिरायची वेळ आलीये.

काळेहात
डोळे झाकून नाही, पण दुसरी.
कमी किमी म्हणजे चांगली गाडी हे लोकांच्या डोक्यातून जातच नाही. दोन किमी जायचं आणि बंद करायची, यात इंजिन नीट गरमच होत नाही, आत धरलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, बॅटरी कधी पूर्ण चार्ज होत नाही, वर क्लच आणि ब्रेकची झीज वेगळीच. हायवेवाली टॉप गियरला एका लयीत चालते, इंजिनला त्यातच बरं वाटतं.
आता बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की सकाळपासून गाडी सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही, चेनचा खडखडाट म्हणा, निळा धूर म्हणा, पहिल्या मिनिटातच कळतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, पांढरट साय धरली असेल तर एकतर गाडी नुसती छोट्या फेऱ्यांना वापरलीये नाहीतर हेड गास्केटमधून (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) पाणी ऑइलमध्ये जातंय. स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण वळवून गाडी हळू फिरवा, टक टक टक आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणारा सांधा, गेलाय.
आणि ओबीडी स्कॅनर घेऊन जा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले एरर कोड वाचायचं यंत्र, स्वस्तातला पण चालेल. एरर नाही दिसला म्हणून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. बरेचसे 'नॉट रेडी' दाखवत असतील तर नुकतेच कोणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीये. विकायच्या आदल्या दिवशी बॅटरी कोण काढतं ते तुम्हीच ठरवा.
इंजिनमधले व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन ते विचारा. बेल्ट असेल तर बऱ्याच गाड्यांना साधारण १ लाखाच्या आसपास बदलावा लागतो, बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा. तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, मग सगळं हेड उघडावं लागतं.

आकडेमोड
काळेहात यांच्याशी सहमत. अॅव्हरेजचं पण बघा जरा. रोज १४० म्हणजे वर्षाला ३५ हजार किमीच्या घरात. लिटरला १५ देणारी गाडी २,३३३ लिटर पिणार, २० देणारी १,७५० आणि २५ देणारी १,४००. म्हणजे १५ वरून २० ला गेलात तर ५८३ लिटर वाचतात पण २० वरून २५ ला फक्त ३५०, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन किमीच्या अॅव्हरेजसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. आणि १०० ऐवजी १२० ने हाणली तर हवेचा अडथळा १.४४ पट होतो, तिथेच अॅव्हरेज बसतं.
हायब्रिडचा (पेट्रोल इंजिन अधिक इलेक्ट्रिक मोटर) खरा फायदा तुमच्या जाममध्ये, मोकळ्या हायवेला तेवढा नाही. पण तिच्या गिअरबॉक्सची भीती असेल तर ती भीती सोडा, टोयोटाने १९९७ ला पहिली प्रियस काढली तेव्हापासून त्यांच्या त्या सिस्टीममध्ये बेल्टवाली सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) नाही, प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं) आहेत, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. बिघडायला वस्तूच कमी.

शंकासूर
थांबा थांबा. १ लाख १० वर वर्षाला ३५ हजार टाका, तीन वर्षांत गाडी २ लाखाच्या पुढे. शॉक अॅब्सॉर्बर, व्हील बेअरिंग, बुश, क्लच हे सगळं तुमच्याच गळ्यात पडणार. स्वस्त मिळतेय ना, मग वाचलेले पैसे बाजूला ठेवा, फिरायला जाऊ नका त्यात.
अजून एक कोणी बोललं नाही, सीट! अर्धा तास सलग बसून चालवा. रोज दोन-अडीच तास बसायचंय राव, कंबर गेली तर इंजिन भारी असून काय करणार. अंधारात पण एक चक्कर मारा, हेडलाइट पिवळट पडल्या असतील तर हायवेला हाल होतात.

रोजचीवारी
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. मग डिझेल आणि इलेक्ट्रिकचं काय, सोडूनच देऊ?

काळेहात
डिझेल तुमच्या रनिंगला वाईट नाही उलट. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, तो हायवेलाच तापतो, शहरात फिरणाऱ्यांचेच डीपीएफ चोक होतात. पण जुन्यात इंजेक्टर, टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) यातलं एक जरी गेलं तरी वर्षभर वाचवलेलं एका बिलात जातं. बजेट टाइट असताना मी नाही सुचवणार.
इलेक्ट्रिक घरी चार्जिंग होत असेल तरच. जुनी घेताना कागदावरची रेंज बघू नका, बॅटरी हेल्थ किती टक्के राहिलीये ते बघा. हायवेच्या स्पीडला आणि थंडीत हीटर लावून रेंज अजून खाली येते. हे सगळं धरून २०० च्या वर खात्रीने जात असेल तर तुमचे १४० आरामात होतील, नाहीतर रोज घरी पोचेपर्यंत नजर टक्क्यांवर.
आणि टायर बघायला विसरू नका. टायरच्या बाजूला छापलेल्या 'DOT' अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे, ३५१९ असेल तर २०१९ चा ३५ वा आठवडा. त्या ३० हजारवालीला अजून कंपनीतूनच आलेले टायर असतील, नक्षी भरपूर दिसेल पण रबर कडक झालेलं असतं.

रोजचीवारी
दुसरीवाल्याला मेसेज टाकला, उद्या सकाळी येतो, तोवर गाडी सुरू करू नका म्हणून. तो म्हणतो 'का बरं?'

काळेहात
विचारू दे. पोचल्यावर नमस्कार नंतर, आधी बोनेटला हात लावा.